तीन टिंबं

"काकू, तुमचं पहिलं पान मी परत लाल केलंय. राग मानू नका."

हा निरोप आला तेव्हा मला निवृत्त होऊन पाच महिने झाले होते. त्याआधीची ३३ वर्षं मी पुण्यात मुद्रितशोधनात काढली. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत होते तेव्हा शाई ओली असलेली गॅलीप्रुफं वाचली, नंतर संगणकावरच्या श्रीलिपीतली वाचली, शेवटी शेवटी पडद्यावरच पीडीएफ. नजरेतून एखादं ऱ्हस्व-दीर्घ सुटलं असेल, नाही असं नाही. पण अख्खं पान कुणी परत पाठवल्याचं मला आठवत नाही. आणि पाठवणारा कोण, तर नांदेडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात शिकणारा मुलगा.

पान तसं काहीच नव्हतं. विकिस्रोत या ऑनलाइन ग्रंथसंग्रहासाठी जुनं पुस्तक उतरवायचं होतं, त्याचं शीर्षकपान. रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी', साल १९१०. संगणकाने ओळखून दिलेला मजकूर डावीकडे, मूळ पानाचं चित्र उजवीकडे. मी डावीकडचा मजकूर 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' असा स्वच्छ केला, 'तपासलं' अशी पिवळ्या रंगाची खूण निवडून पान जतन केलं आणि चहा ठेवायला उठले. तीन टिंबं काढली होती मी, तीही पुस्तकाच्या नावातली.

मी त्याला फोन लावला. "अरे, हे अनुच्चारित अनुस्वार आहेत. साहित्य महामंडळाने चौदा नियम केले, सरकारने ते १९६२ साली मान्य केले, १९७२ साली आणखी चार आले. ही टिंबं तेव्हाच गेली."

तो अगदी शांतपणे म्हणाला, "हो काकू. पण रमाबाई १९२४ सालीच गेल्या."

यावर काय बोलणार? "बघते," म्हणून फोन ठेवला आणि दोन दिवस त्या पानाकडे फिरकले नाही.

या भानगडीत मी पडले ती भाचीमुळे. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, मराठी भाषा गौरव दिनाचा हंगाम. एका महाविद्यालयात विकिस्रोतची कार्यशाळा होती. भाची म्हणाली, "मावशी, तू घरी बसून भाजीवाल्याच्या पाटीवरचं शुद्धलेखन तपासतेस, त्यापेक्षा चल." मला वाटलं दीपप्रज्वलन, भाषणं, वडा-चहा. तिथे मात्र बावीस-पंचवीस मुलं लॅपटॉप उघडून बसली होती आणि भाषण कुणीच करत नव्हतं. मराठी विकिस्रोत २०१४ पासून आहे हेसुद्धा मला तिथेच कळलं. विकिपीडियाचं हे भावंड. तिथे माहिती लिहायची नाही, तर स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं मुळाबरहुकूम उतरवायची. वाचायला पैसे नाहीत आणि उतरवणाऱ्यालाही पैसे नाहीत.

पद्धत मला पाच मिनिटांत समजली, कारण ती छापखान्याचीच होती. पुस्तकाची स्कॅन केलेली प्रत एकदा चढवली की तिचं एक 'अनुक्रमणिका' पान तयार होतं. त्यावर चौकोनांच्या ओळीच ओळी, प्रत्येक चौकोनात एक पृष्ठ क्रमांक. क्रमांकावर टिचकी मारली की ते पान समोर येतं. यंत्राने नुसता मजकूर ओळखून ठेवला असेल तर चौकोन लाल. कुणी चित्राशी ताडून दुरुस्त केला की पिवळा. दुसऱ्या कुणी पुन्हा ताडला की हिरवा. पान फाटकं किंवा अवाचनीय असेल तर निळा, कोरं असेल तर करडा. ज्याने पिवळं केलं त्याला तेच पान हिरवं करता येत नाही, यंत्रणाच करू देत नाही. आमच्या छापखान्यात फोरमन म्हणायचे, "आपली चूक आपल्याला दिसत नाही, म्हणून तर दुसऱ्याला पगार द्यावा लागतो." इथे पगार नव्हता, न्याय मात्र तोच.

एक गोष्ट मात्र छापखान्यात कधीच नव्हती. पानावर केलेला प्रत्येक बदल, कुणी केला, किती वाजता केला, आधी काय होतं, सगळं इतिहासात राहतं. माझ्या ३३ वर्षांच्या लाल खुणा रद्दीत गेल्या. कुठल्या लेखकाचं कुठलं वाक्य मी सावरलं, याचा पुरावा जगात कुठेही नाही. इथे मात्र मी काढलेली तीन टिंबं तारीख-वेळेसह कायमची नोंदली गेली आहेत. कुणीही जाऊन बघावं.

दोन दिवसांनी फुरंगटणं संपलं आणि मी तिसऱ्या पानापासून पुन्हा सुरुवात केली.

यंत्र काय चुका करतं हे आधी सांगते, कारण त्यात गंमत आहे. जुन्या बाळबोध टाइपात घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य ही अक्षरं एकमेकांच्या इतकी जवळ असतात की शाई जरा पसरली की माणूसही फसतो. यंत्र तर फसायलाच बसलेलं. 'घर'चं 'धर' होतं, 'वाट'ची 'बाट' होते, 'भात' असेल तिथे 'मात' येते. 'ख'चे दोन तुकडे पडून 'रव' होतो, म्हणजे 'खाना' लिहिलेलं असलं की तो थेट 'रवाना'. ओळीच्या शेवटी तोडलेला शब्द दोन शब्द होऊन बसतो. पानाच्या डोक्यावरचं शीर्षक मजकुरात घुसतं. या चुका मला आवडायला लागल्या. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरच्या चुकांत आळस, घाई, कधी रात्रपाळीची झोप दिसायची. यंत्राच्या चुका निरागस असतात.

टिंबांचं मात्र निराळं. शंभर वर्षांच्या कागदावर तांबूस डाग असतात, कसरीची भोकं असतात, स्कॅन करणाऱ्याच्या काचेवरची धूळ असते. यंत्राला यातलं काहीही अनुस्वार वाटू शकतं. उलट खरा अनुस्वार शाई कमी पडल्याने पुसट आलेला असेल तर ते तो सोडून देतं. म्हणजे पडद्यावर जी टिंबं दिसतात त्यांतली काही रमाबाईंच्या पुस्तकातली, काही किड्यांची. ओळखायची कशी? चित्र मोठं करून बघायचं. खिळ्यातलं टिंब शिरोरेषेच्या वर ठरावीक उंचीवर आणि गोल असतं. किड्याला उंचीचा नियम नसतो.

पण तेवढ्याने भागत नाही. पुसट ठिकाणी टिंब हवं की नको, हे व्याकरणाने ठरवावं लागतं, आणि व्याकरण मी विसरले होते. खरं म्हणजे शिकलेच नव्हते. माझा जन्म १९६० चा. मी शाळेत गेले तोवर नवे नियम आले होते. जुने अनुस्वार मला फक्त काढण्यापुरते ओळखू यायचे, जसं एखाद्याला तण तेवढं ओळखू येतं.

मग एके दिवशी मी अडले ती एका अगदी साध्या क्रियापदावर. 'गेले'. पुढे-मागे कर्ता नाही. मराठीत आपण कर्ता सर्रास गाळतो. वाक्य असं उभं होतं की गेलं कोण, रमाबाई स्वतः की त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे, हे कळेना. चित्रात 'ले'वर एक पुसटसा करडा ठिपका होता. टिंब की डाग?

जुन्या मराठीत बाई स्वतःबद्दल बोलताना 'मी गेलें' लिहायची, टिंब देऊन. पुरुष 'मी गेलों'. आदरार्थी 'ते गेले' मात्र बिनटिंबाचं. म्हणजे कर्ता गाळला तरी 'गेलें' म्हणजे मी गेले आणि 'गेले' म्हणजे ते गेले. बायकोने नवऱ्याबद्दल लिहिलेल्या आठवणींत, जिथे पानापानावर एकदा ती आणि एकदा ते, तिथे दोघांना वेगळं ठेवणारी खूण कित्येकदा तेवढीच, एक टिंब. आणि मी आयुष्यभर तीच वेचून काढत आले होते.

तशीच दुसरी जोडी. 'ते' आणि 'तें'. 'ते आले' म्हणजे कुणी मोठा माणूस आला. 'तें आलें' म्हणजे पत्र आलं, मूल आलं, मांजर आलं. 'ती' बाई, 'तीं' मुलं. डागाला अनुस्वार समजून मी एकदा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांना नपुंसकलिंगी करून ठेवलं होतं. नांदेडच्या मुलाने ते पकडलं. यावेळी त्याने पान लाल केलं नाही. नुसतं टिंब काढलं आणि बदलाच्या सारांशात लिहिलं, "किडा."

आता हे सांगताना मला आईची आठवण येते. आई गुहागरची. लग्नाआधी पुण्यात सेवासदनात शिकायला होती. १९०९ साली पुण्याचं सेवासदन उभं केलं ते याच रमाबाईंनी. आईची पत्रं जुन्या पद्धतीची, 'कांहीं', 'नांव', 'घरीं', 'तुझें'. मला छापखान्यात नोकरी लागली तेव्हा नव्याची नवलाई म्हणून मी तिच्या एका पत्रातली टिंबं लाल शाईने खुडून ते पत्र तिला परत पाठवलं होतं. तिने उलट टपाली लिहिलं होतं, "पण काय लिहिलें आहे तें कळलें ना?" टिंबांसकट. शिवाय हे अनुस्वार 'अनुच्चारित' म्हणून काढले, पण आई ते उच्चारायची. कोकणातल्या तिच्या पिढीचं बोलणं नाकातूनच यायचं. ती 'मी गेलें' म्हणायची तेव्हा ते टिंब स्पष्ट ऐकू यायचं. कुणी ऐकून हा नियम केला, कोण जाणे. नियम वाईट होता असं नाही म्हणत मी. मुलांचा ताप कमी झाला, छापखान्याचा झाला, माझा तर झालाच. आणि टिंब काही पुरतं गेलं नाही. हे लिहिताना मी 'केलं', 'गेलं', 'टिंबं' असंच लिहिते आहे. पुढच्या दाराने घालवलं आणि बोलीच्या मागच्या दाराने घरात घेतलं.

काम रेंगाळत होतं. पहिल्या आठवड्यात एका पानाला चाळीस मिनिटं लागायची. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मान फिरवून दुखायला लागली. छापखान्यात यावर उपाय होता, कॉपी धरणारा माणूस. एकाने मूळ मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रुफावर नजर ठेवायची. घरात असा माणूस एकच. एसटीतून निवृत्त झालेला, दुपारी पेपर तिसऱ्यांदा वाचणारा.

"अहो, जरा हे वाचता का? विरामचिन्हांसकट."

सुरुवातीला ते बातम्या दिल्यासारखं वाचायचे आणि टिंबं गिळायचे. मग त्यांना सूर सापडला. "आयुष्यां, टिंब, तील, कां, टिंब, हीं, टिंब, आठवणी, पूर्णविराम." कंडक्टरची सवय, प्रत्येक टिंबाला नकळत मांडीवर बोटाने ठोका. दोघं मिळून एका पानाला पंधरा मिनिटं लागायला लागली. पण तेविसाव्या की चोविसाव्या पानाला ते मध्येच थांबले. मला वाटलं, अक्षर लागत नाही. म्हणाले, "अगं, अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या पोरीला घरात लपूनछपून शिकावं लागतंय, आणि नवरा न्यायखात्यात." त्यांनी हे पुस्तक कधी वाचलं नव्हतं. मीही अर्धवटच वाचलं होतं, कॉलेजात, परीक्षेपुरतं. प्रूफ वाचणारा पुस्तक वाचत नाही, अक्षरं वाचतो. त्या दिवसापासून आम्ही पान ताडून झालं की ते पुन्हा एकदा नुसतं वाचायला लागलो, विनाटिंब.

टंकलेखनाचा एक वेगळाच घोळ होता, तो सांगितला नाही तर हे अर्धवट राहील. मी इन्स्क्रिप्ट कळफलक वापरते. त्यात अनुस्वार एक्सच्या कळीवर. महिनाभरात माझ्या कळफलकाची ती कळ गुळगुळीत झाली. पण घोळ अनुस्वाराचा नव्हता, 'ऱ्या'चा होता. 'दुसऱ्या', 'चऱ्हाट', 'ऱ्हास' यांतला तो कोयत्यासारखा अर्धा र. तो युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, दोन तऱ्हांनी उमटवता येतो. एक, त्यासाठी असलेलं ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, म्हणजे शिफ्ट दाबून जे. दोन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. माणसाला फरक कळत नाही, पण शोधयंत्राला कळू शकतो. आमच्या पुस्तकात मी एका तऱ्हेने लिहीत होते आणि मेलबर्नहून काम करणारी एक ताई दुसऱ्या तऱ्हेने. म्हणून शोधात 'दुसऱ्या' हा शब्द माझ्याच पानांवर सापडायचा आणि तिच्या पानांवर नसल्यासारखा. चुका डोळ्यांनी पकडायच्या ही माझी जन्माची विद्या. डोळ्यांना दिसतच नाही अशी चूक मी पहिल्यांदा बघितली, म्हणजे बघितली नाहीच. नांदेडच्या मुलाने छोटा प्रोग्राम लिहून सगळी पानं एका तऱ्हेवर आणली. त्या दिवशी मी त्याला 'अरे' म्हणणं सोडून 'अहो सर' म्हटलं. तो इतका लाजला की पुन्हा 'अरे' करावं लागलं.

मेलबर्नच्या ताईचं आणि माझं एक वेळापत्रक बसलं होतं. मी रात्री दहाला पानं पिवळी करून झोपायची, तिच्याकडे तोवर मध्यरात्र उलटलेली असायची, आणि सकाळी मी उठेपर्यंत त्यांतली चार-पाच हिरवी झालेली असायची. मुलीला शाळेत सोडण्याआधीचा तिचा तास. आम्ही एकमेकींना अजून पाहिलेलं नाही.

मग दोन पानं गायब निघाली.

आमच्या स्कॅनमध्ये एका पानावरून थेट तीन पानं पुढचं पान यायचं. स्कॅन करताना दोन पानं चिकटून उलटली गेली असणार. अशा वेळी पुस्तक अडतं. बाकी सगळं हिरवं झालं तरी ती दोन भोकं राहतात. जवळच्या एका ग्रंथालयात पुस्तक मिळालं, मी आनंदाने उघडलं, तर अलीकडची आवृत्ती, नव्या शुद्धलेखनातली. मजकूर बहुधा तोच, पण टिंबं काढलेली. चालणार नव्हती. १९१० च्या पुस्तकाला मधेच दोन पानांचं नवं ठिगळ लावता येत नाही. गंमत म्हणजे अशा किती जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या मी स्वतः 'अद्ययावत' करून दिल्या आहेत. वाचकाला त्या हव्याच असतात आणि मला त्यांचे पैसे मिळाले आहेत, तेव्हा तक्रार नाही. पण जुनं रूप कुठेतरी एका ठिकाणी तरी शाबूत पाहिजे, म्हणजे आम्ही अद्ययावत करताना काय काय उडवलं ते कळेल.

आपल्याकडे जुन्या ग्रंथालयांना तोटा नाही. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं १८५० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. विकिस्रोतवर काम करणाऱ्या आमच्या गटावर विचारणा केली. शेवटी पत्ता लागला तो एका तालुक्याच्या गावी, 'अ' वर्गाच्या वाचनालयात. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी फोनवर दाखल नोंदवही बघून सांगितलं, "नोंद आहे. पुस्तक आहे का ते कपाट उघडल्यावर कळेल."

आम्ही दोघं एसटीने गेलो. यांना निवृत्तीनंतरचा पास आहे, तो त्यांनी मोठ्या रुबाबात दाखवला. कपाटाची किल्ली शोधण्यात पाऊण तास गेला. डांबराच्या गोळ्यांचा वास, खाकी पुठ्ठ्याची बांधणी, आतल्या पानावर वाचनालयाचा जांभळा शिक्का. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "झेरॉक्सला देणार नाही, पाठ मोडते पुस्तकाची." मी म्हटलं, मोबाइलवर फोटो काढते, पुस्तक पूर्ण उघडणारही नाही. तरी त्यांना खात्री वाटेना. शेजारी उभ्या राहिल्या. पान सापडलं तसं मी सवयीने बोटाला थुंकी लावायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. बरोबर केलं. दोन पानं, चार फोटो, सावली पडू नये म्हणून यांनी धरलेली छत्री. निघताना बाईंनी विचारलं, "हे सगळं फुकट का करता?" मी काहीतरी बोलले. एसटीत बसल्यावर हे म्हणाले, "त्यांनाही पगार वेळेवर मिळत नसणार, तरी थुंकी लावू दिली नाही."

गटात नवीन येणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी आपल्या आवडत्या लेखकाचं नाव घेतो आणि हिरमुसतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजून. १९५७ च्या कायद्यात ५० होती. रवींद्रनाथ १९४१ साली गेले, त्यांचे हक्क संपत आले तेव्हा १९९२ च्या दुरुस्तीने ती ६० केली. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून ते खुले. मर्ढेकर १९५६, तेही खुले. खांडेकर १९७६, म्हणजे २०३७ च्या जानेवारीपर्यंत थांबा. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षकांना हे कळल्यावर त्यांनी बोटांवर स्वतःचं वय मोजलं आणि विषय बदलला.

सगळ्यात चमत्कारिक बहिणाबाईंचं. त्या १९५१ साली गेल्या, कविता पुस्तकरूपाने आल्या १९५२ साली. मरणोत्तर प्रकाशित साहित्याची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणून २०१३ पासून त्या कविता आपल्या सगळ्यांच्या. पण त्या पुस्तकाला प्रस्तावना आचार्य अत्र्यांची, आणि अत्रे गेले १९६९ साली. तेव्हा शेतकरीण बाईंच्या ओव्या घ्या, अत्र्यांना मात्र २०३० उजाडेपर्यंत हात लावू नका. अत्र्यांना हे कळलं असतं तर त्यांनी यावर एक अग्रलेख नक्की पाडला असता.

रमाबाईंचं पुस्तक संपत आलं तेव्हा एका पानावर मला एक उलटा खिळा दिसला. अक्षर चक्क डोक्यावर उभं. कंपोझिटरच्या हातून असा खिळा उलटा बसतो आणि प्रूफ वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटतो. शब्द काय हवा ते शेंबड्या पोराला कळलं असतं. उलटं अक्षर युनिकोडमध्ये लिहिता येत नाही, तेव्हा ते सरळ करण्यावाचून इलाज नव्हता. पण पुढच्याच ओळीत एक काना जास्तीचा पडला होता, तो मात्र लिहिता येण्यासारखा होता. तिथे माझा हात थबकला. छापील चूकसुद्धा ठेवायची, फार तर चर्चापानावर नोंद करायची, असं गटाचं ठरलेलं. मी तो काना ठेवला. ठेवताना त्या माझ्या अनाम जातभाईची आठवण झाली, ज्याने ११५ वर्षांपूर्वी कंदिलाखाली हे पान वाचलं आणि ज्याला दुसऱ्या दिवशी मालकाने झापलं असेल. माझ्याही सुटलेल्या चुका आहेत. एका कवितासंग्रहाच्या अर्पणपत्रिकेतच आहे एक. कोणता ते सांगणार नाही. २०९० च्या आसपास कुणी तो संग्रह उतरवायला घेतला तर त्याच्याही गटाचा नियम असाच असो, एवढंच.

शेवटचं पान मेलबर्नहून हिरवं झालं तेव्हा इथे पहाटेचे तीन वाजले होते. मला सकाळी सातला कळलं. नांदेडच्या मुलाने प्रकरणं जुळवून सबंध पुस्तक वाचता येईल असं केलं, ई-बुक उतरवून घ्यायची सोयही आली. यांनी ते मोबाइलवर उघडून पहिलं पान वाचलं. नावातली तिन्ही टिंबं मोजली. मांडीवर तीन ठोके.

आता पुढच्या पुस्तकाची अनुक्रमणिका तयार आहे, सगळी लाल.

मध्यंतरी भाचीचं लग्न ठरलं. पत्रिकेचा मजकूर अर्थातच माझ्याकडे. मी हाताने लिहून छापखान्यात दिला. दुसऱ्या दिवशी तिथल्या डीटीपीवाल्या मुलाचा फोन. "काकू, 'आमचे येथें श्रीकृपेंकरून' मध्ये दोन टिंबं जास्तीची पडलीत. काढू ना?"

मी क्षणभर विचार केला. लग्न येत्या मार्गशीर्षातलं आहे, १९१० मधलं नाही.

"काढ," म्हटलं.